घरकुलाचा हप्ता अन् गावचा दवाखाना : पैसा कुठं अडकतो, कसा सोडवायचा

घरकुलाची यादी वाचायची असली की ग्रामसभेला मारुतीच्या पारापर्यंत माणसं उभी राहतात. ज्याचं नाव आलं तो सही करून उठतो, ज्याचं नाही आलं तो सचिवाशी भांडून उठतो, अन् दवाखान्याचा विषय निघेपर्यंत सरपंच, सचिव, आशाताई अन् दोन-चार म्हातारे एवढेच उरतात. आमच्या भागात हे दरवेळचंच आहे म्हणून हे लिहून राहिलो. घराचे पैसे कसे मिळवायचे ते तर सांगतोच, पण त्याच सभेत, त्याच प्रोसिडिंग रजिस्टरवर गावच्या दवाखान्याचे पैसेही मागता येतात, अन् घरकुलासाठी जमलेली गर्दी हीच त्या मागणीची खरी ताकद आहे. म्हणून यादी झाली तरी उठू नका.

आधी घराचं पाहू, कारण पोटात तीच आग आहे.

कोणत्या योजनेत बसता ते आधी ठरवा

सगळे लोक सरसकट "घरकुल" म्हणतात पण पैसा वेगवेगळ्या खिशातून येतो, अन् चुकीच्या योजनेच्या मागं लागलं की वर्ष जाते. मोठी योजना म्हणजे प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण, जी 2016 मध्ये जुन्या इंदिरा आवासच्या जागी आली, तिच्यात 60 टक्के पैसा केंद्राचा अन् 40 टक्के राज्याचा. अनुसूचित जातीसाठी रमाई आवास, आदिवासींसाठी शबरी, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत, अन् ओबीसींसाठी 2023 पासून मोदी आवास. यवतमाळकडले कोलाम अन् गडचिरोलीकडले माडिया, यांच्यासाठी पीएम जनमन वेगळी आहे, त्यात घराला 2 लाख मिळतात. कोलाम पोडावरच्या, म्हणजे त्यांच्या वस्तीवरच्या, कोणी प्रधानमंत्री आवासच्या यादीत नाव नाही म्हणून निराश बसला असंल तर त्याला हे नक्की सांगा, त्याचा रस्ताच दुसरा आहे.

प्रधानमंत्री आवासचं नाव कुठून येते? पहिले 2011 च्या सर्वेतून येत होतं, मग 2018 चा आवास प्लस सर्वे झाला, अन् त्यानंतर 2024-25 मध्ये नवीन सर्वे झाला ज्यात मोबाईलवरून स्वतःच स्वतःचं नाव चेहरा दाखवून भरायची सोय होती. योजना आता 2028-29 पर्यंत चालणार आहे, म्हणून सर्वेत नाव असणाऱ्यानं "औंदा नाही आलं म्हणजे गेलं" असं समजू नये. नाव कोणत्या सर्वेत आहे अन् यादीत कितव्या नंबरवर आहे हे पंचायत समितीच्या घरकुल कक्षात विचारा, तोंडी उत्तर घेऊ नका, प्रिंट मागा.

अपात्रतेच्या अटी पण पाहून घ्या. घरात चारचाकी किंवा ऑटो, सरकारी नोकरी, इन्कम टॅक्स, 50 हजाराच्या वरची किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा, घरातल्या कोणाची महिन्याला 15 हजाराच्या वर कमाई, ओलिताची अडीच एकर किंवा कोरडवाहू 5 एकर अन् त्याच्या वर जमीन, असं काही असंल तर नाव कटते. मोटारसायकल अन् फ्रिज असला तर आधी कटत होतं, ती अट 2024 मध्ये काढली, तरी अजून काही ठिकाणी "तुमच्याकडं गाडी आहे" म्हणून परत पाठवून राहिले, तर हे ध्यानात ठेवा. कोरडवाहू 5 एकराची अट विदर्भाला लय जाचक आहे हे मला मनापासून वाटते, 6 एकर पराटीवाल्याची हालत मजुरापेक्षा काही बरी नसते, अन् त्याच्या कुडाच्या भिंती पण तशाच पडतात. पण अट आहे तोवर आहे. सातबाऱ्यावर सामायिक नावं असतील, भावाभावांच्या वाटण्या तोंडी झाल्या असतील, तर आधी तलाठ्याकडून फेरफार करून घ्या, कारण सर्वेवाला कागदावरचं क्षेत्र पाहते, तुमच्या वाट्याचं नाही.

जागा नावावर नसली तर? नमुना आठ, म्हणजे ग्रामपंचायतीचा घर-जागेचा उतारा, लागतेच. ज्याच्याकडं जागाच नाही त्याच्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना आहे, 500 चौरस फुटापर्यंत जागा घ्यायला 1 लाखापर्यंत मदत मिळते. ही योजना गावात कोणालेच माहीत नसते, अन् माहीत नाही म्हणून "जागा नाही" असा शेरा मारून नाव मागं पडते. ग्रामसभेत यादी वाचताना जागा नसलेल्यांची नावं वेगळी वाचायला लावा अन् त्यांच्यासाठी या योजनेचा प्रस्ताव पाठवायचा असं प्रोसिडिंगवर लिहून घ्या. नाव चुकून गाळलं असंल तर लेखी आक्षेप त्याच सभेत द्या, पोच घ्या, अन् मग बीडीओ साहेबांकडं अन् जिल्ह्याच्या अपील समितीकडं त्याच पोचीच्या झेरॉक्सवर जा. पोच नसंल तर वरचा साहेब ऐकत नाही, खरं सांगतो.

पैसे किती अन् कधी

साध्या भागात 1 लाख 20 हजार, गडचिरोलीसारख्या नक्षलग्रस्त-डोंगराळ भागात 1 लाख 30 हजार. आमच्याकडं 1 लाख 20 हजार चार हप्त्यांत येतात: मंजुरीला 15 हजार, जोता झाला की 70 हजार, लिंटेलला 30 हजार, अन् घर पूर्ण झालं की 5 हजार. याच्या शिवाय रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी, जी 2025-26 च्या 312 रुपये रोजानं 28 हजार 80 होते, अन् संडासाचे 12 हजार. वरून 2025 मध्ये राज्यानं दुसऱ्या टप्प्यातल्या घरांसाठी 50 हजार वाढवले, त्यातले 35 हजार बांधकामाला अन् 15 हजार छतावरच्या सोलरला. सगळं जोडलं तर 2 लाख 10 हजाराच्या आसपास जाते. पण हे सगळं आपोआप खात्यात पडत नाही, दर पैशाचा टेबल वेगळा आहे, अन् इथंच लोक फसतात.

मजुरीचे 28 हजार सगळ्यात जास्त बुडतात. काऊन? तर जॉब कार्ड काढलेलं नसते, किंवा असते पण रोजगार सेवकाला मस्टर, म्हणजे मजुरीचा हजेरीपट, काढा असं कोणी म्हटलेलंच नसते. मस्टर बांधकाम चालू असतानाच निघते. घर पूर्ण झालं असं ऑनलाइन चढलं की मग मागची मजुरी निघणं फार अवघड. म्हणून ज्या दिवशी खड्डा खोदायला घ्याल त्याच्या आधीच रोजगार सेवकाकडं कामाची लेखी मागणी द्या, अन् घरातल्या ज्या माणसांची नावं जॉब कार्डावर आहेत त्यांचीच नावं मस्टरवर येतात का ते पाहा. संडासाचे 12 हजार स्वच्छ भारतमधून किंवा रोहयोतून येतात, पण आधी कधी घेतले असतील तर परत नाही मिळत.

रेतीचं पण सांगतो. 2025 च्या वाळू धोरणात घरकुलवाल्याला 5 ब्रासपर्यंत रेती मोफत आहे, म्हणजे रॉयल्टी लागत नाही, ट्रॅक्टरचं भाडं तुमचं. तहसीलला घरकुलाच्या मंजुरीपत्राची झेरॉक्स लावून अर्ज द्या, पास हातात आल्याशिवाय घाटावरून रेती उचलू नका, नाहीतर ट्रॅक्टर जप्त होते अन् दंड घरकुलाच्या पैशाच्या वर जातो.

पायाच्या आधी हे वाचा

हा भाग थोडा लांब लिहितो कारण मी पाहिलेल्या अर्धवट घरकुलांपैकी बहुतेक इथंच थांबलेली आहेत.

पहिला हप्ता 15 हजाराचा. त्यात जोता होत नाही. अन् जोता झाल्याशिवाय 70 हजार येत नाहीत. ही जी मधली दरी आहे ना, हीच माणसाला सावकाराकडं नेते. ती भरायचे रस्ते आधीच पाहून ठेवा. घरातली बाई उमेदच्या, म्हणजे सरकारी अभियानातल्या, बचत गटात असंल तर गटातून कर्ज घ्या, व्याज परवडते. योजनेत बँकेकडून 70 हजारापर्यंत कर्जाची पण तरतूद आहे, मिळणं सोपं नाही पण अर्ज करून पाहा. जुन्या घराचे कवेलू, फाटे, दगड, चांगल्या विटा वेगळ्या काढून ठेवा, पायात दगड कामी येतो. अन् महत्त्वाचं म्हणजे जुनं घर फोटो निघायच्या आधी पाडू नका. आधी जुन्या घराचा अन् जिथं नवीन बांधणार त्या जागेचा जिओ टॅग फोटो, म्हणजे जागेचं ठिकाण नोंदवणारा फोटो, निघते, मगच मंजुरी चढते. घाईत पाडलं अन् फोटोच नाही, मग पावसाळ्यात टिनाच्या छपरात लेकरं घेऊन बसावं लागते.

घर केवढं बांधायचं? योजनेत कमीत कमी 25 चौरस मीटर आहे, सैपाकाच्या जागेसकट, म्हणजे 269 चौरस फूट. लोक म्हणतात बांधायचंच आहे तर मोठं बांधू, एकदाच होते. मंग 600 फुटाचा जोता टाकतात, 70 हजार जोत्यातच जातात, भिंती कमरेपर्यंत येतात अन् वर्षानुवर्षं त्यात तुरीचं कुटार भरलेलं राहते. माझं हात जोडून सांगणं आहे, आधी लहान बांधा, स्लॅब टाका, राहायला जा, चौथा हप्ता घ्या, मागच्या बाजूनं सळाखी बाहेर ठेवा अन् पुढच्या कपाशीच्या पैशात खोली वाढवा. मुदत पण 12 महिन्यांची आहे.

आता काळी माती. आपल्याकडली भारी काळी जमीन पावसाळ्यात फुगते अन् उन्हाळ्यात फाटते, भेगेत हात जाईल एवढी. तिच्यावर दोन फूट खोदून विटांचा पाया टाकला तर दुसऱ्याच पावसात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर जाते. मिस्त्री म्हणतो काही होत नाही, गिलाव्यात दबून जाते, पण ती दरवर्षी परत उघडते. म्हणून पाया मुरूम लागेपर्यंत खोदा, 4 फुटावर लागो की 6 फुटावर. मुरूम लय खोल असंल तर लांबलचक नाली खोदण्यापेक्षा कोपऱ्या-कोपऱ्यावर खड्डे घेऊन कॉलम उभे करणं अन् वरून जोत्याचा बीम बांधणं स्वस्त पडते, हे घरकुलाच्या इंजिनिअरला तिथं जागेवर बोलावून विचारा, तो त्याच्या कामाचाच भाग आहे. खड्डा बुजवताना निघालेली काळी माती परत भरू नका, मुरूम नाहीतर रेती भरा. जोत्यातही मुरूमच. घर झाल्यावर चारही बाजूनं दोन-तीन फुटाचा पक्का ओटा किंवा फरशी घ्या अन् छताचं पाणी भिंतीजवळ पडू देऊ नका. एवढं केलं तर भिंत टिकते.

वेळ पण पाहा. दिवाळीनंतर खोदायला घेतलं तर बरं. मार्च-एप्रिलमध्ये घेतलं की गावात पाणीच नसते, अन् तराई म्हणजे पाणी मारणं नीट झालं नाही तर चांगल्या सिमेंटचं काम पण भुसभुशीत राहते. स्लॅबला निदान 10 दिवस, जमलं तर 14 दिवस पाणी पाहिजेच, आळे करून पाणी साचवून ठेवा. ठेकेदाराच्या हातात सगळं देऊन टाकू नका, योजनेतच ते बसत नाही, घर लाभार्थ्यानं स्वतः बांधायचं असते. पासबुक अन् एटीएम तर कोणाच्याच हातात देऊ नका.

हप्ता अडकला तर

पंचायत समितीत गेलं की उत्तर मिळते, "वरून पैसे नाही आले." कधी कधी हे खरं असते. पण बऱ्याचदा पैसे वरून आलेले असतात अन् तुमची फाईल चारपैकी एका जागी बसलेली असते: एक, फोटोच अपलोड झाला नाही. दोन, फोटो झाला पण इंजिनिअरनं तपासून पुढं पाठवला नाही. तीन, ऑपरेटरनं पैसे खात्यात टाकायची ऑर्डर, जिला ते एफटीओ म्हणतात, तयार केली पण सह्या बाकी आहेत. चार, एफटीओ गेला अन् बँकेतून परत आला. चौथं कारण आजकाल जास्त पाहायला मिळते. जनधनचं खातं बंद पडलेलं असते, केवायसी नसते, किंवा आधार दुसऱ्याच खात्याला लिंक असते. लाडकी बहीणच्या वेळी कित्येक बायांनी पोस्टात नवीन खातं काढलं, आधार तिकडं जोडलं गेलं, अन् हप्ता इकडं पाहत बसल्या. बँकेत जाऊन आधार सध्या कोणत्या खात्याला जोडलेलं आहे एवढं विचारा, लगेच कळते.

तोंडी विचारू नका, हा अर्ज द्या, असाच लिहा:

"माझे घरकुल मंजूर असून नोंदणी क्रमांक अमुक आहे. जोत्याचे काम अमुक तारखेस पूर्ण झाले आहे. दुसरा हप्ता अद्याप जमा झालेला नाही. माझे प्रकरण कोणत्या टप्प्यावर व कोणाकडे प्रलंबित आहे, तसेच एफटीओ तयार झाला असल्यास त्याचा क्रमांक व तारीख लेखी कळवावी."

आवक शिक्का घ्या. "कोणाकडे प्रलंबित" हे दोन शब्द सोडू नका, त्यावरच फाईल हलते. फोटो काढायला कोणी पैसे मागत असंल तर गपचिप देऊन टाकायची सवय आपणच मोडली पाहिजे, गावातल्या सगळ्या लाभार्थ्यांनी मिळून एकाच दिवशी एकाच कागदावर सह्या करून फोटोची मागणी दिली तर एकट्याला कोणी कोंडीत पकडू शकत नाही.

आता दवाखाना

ज्या कुडाच्या घरात पावसाळाभर ओल असते त्याच घरातलं लेकरू न्यूमोनियानं दवाखान्यात जाते, म्हणून मला या दोन गोष्टी वेगळ्या वाटतच नाहीत.

पहिले दवाखाना कोणाचा हे समजून घ्या, निम्मे अर्ज चुकीच्या साहेबाकडं जातात. उपकेंद्र अन् प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, साहेब म्हणजे तालुका आरोग्य अधिकारी अन् त्याच्या वर जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय अन् जिल्हा रुग्णालय राज्याच्या आरोग्य खात्याचं, तिथला साहेब जिल्हा शल्य चिकित्सक, ज्याला सगळे सिव्हिल सर्जन म्हणतात. मेडिकल कॉलेजचा दवाखाना वैद्यकीय शिक्षण खात्याचा, तिथं डीन. ग्रामीण रुग्णालयाच्या एक्स-रे मशीनची तक्रार घेऊन झेडपीत गेलात तर तिथले लोक खरोखरच काही करू शकत नाहीत.

आता पैसा. हे जास्त लोकांना माहीतच नाही की दर दवाखान्याला दरवर्षी थोडा खुला पैसा येते, त्याला अबंधित निधी म्हणतात, म्हणजे तो कशावर खर्च करायचा ते तिथल्या समितीनं ठरवायचं. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या हिशोबानं आयुष्मान आरोग्य मंदिर झालेल्या उपकेंद्राला वर्षाला 50 हजारापर्यंत, प्राथमिक आरोग्य केंद्राला 1 लाख 75 हजारापर्यंत, ग्रामीण रुग्णालयाला 5 लाखापर्यंत अन् जिल्हा रुग्णालयाला 10 लाखापर्यंत. उपकेंद्राच्या जन आरोग्य समितीचे अध्यक्ष तुमचे सरपंच असतात अन् सचिव तिथले समुदाय आरोग्य अधिकारी, ज्यांना आपण सीएचओ मॅडम म्हणतो. वरच्या दवाखान्यांत रुग्ण कल्याण समिती असते. म्हणजे उपकेंद्राची गळकी खोली दुरुस्त करायचा निर्णय मंत्रालयात नाही, तुमच्याच गावात होते.

या पैशातून छोटी दुरुस्ती, साफसफाई, पाण्याची सोय, पडदे, गरजेच्या वेळी बाहेरून औषध आणणं, तातडीनं पेशंट हलवायला गाडी, हे सगळं बसते. गाडी खरेदी, पगार, जाहिरात हे बसत नाही. मोठं काम असंल, म्हणजे उपकेंद्राची इमारतच नवीन पाहिजे असंल, तर त्याला हा पैसा पुरत नाही. त्यासाठी 15 व्या वित्त आयोगानं 2021 ते 2026 या पाच वर्षांत गाव-शहरांच्या आरोग्यासाठी देशभरात 70 हजार 51 कोटी वेगळे ठेवले होते, त्यात बिनइमारतीच्या उपकेंद्रांना इमारत हा विषयच होता. तुमच्या जिल्ह्यात त्यातून कोणती उपकेंद्रं घेतली, तुमचं त्यात होतं का, हे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला विचारा. दुसरा रस्ता जिल्हा नियोजन समितीचा. तिसरा, ग्रामपंचायतीच्या वित्त आयोगाच्या पैशातला जो हिस्सा पाणी अन् स्वच्छतेसाठी बांधलेला असते त्यातून उपकेंद्राची टाकी अन् संडास होऊ शकतो. मेळघाट अन् गडचिरोलीतल्या पेसा गावांना, म्हणजे आदिवासी ग्रामसभेला जादा अधिकार देणाऱ्या कायद्यातल्या गावांना, तर 2015 पासून आदिवासी उपयोजनेच्या 5 टक्के निधीचा वाटा थेट ग्रामपंचायतीला येते, त्यात आरोग्य हा विषय आहेच.

आधी स्वतः जाऊन दवाखाना पाहा. चार-पाच जण जा, त्यात दोन बाया असाव्यात, कारण बाळंतपणाच्या खोलीत त्याच जाऊ शकतात. सिस्टरवर आवाज चढवू नका, एकटी बाई तीन-चार गावं सांभाळून राहिली असते अन् गळक्या छताचा त्रास सगळ्यात जास्त तिलाच आहे, ती तुमच्या बाजूनं असली तर खरी माहिती मिळते. एका उपकेंद्रात मी पाहिलं, बाळंतपणाच्या टेबलावर सरळ छतातून थेंब पडत होते म्हणून टेबल दाराजवळ ओढलेलं, दार लागत नाही म्हणून साडीचा पडदा बांधलेला, अन् भिंतीवर लसीकरणाचा तक्ता मात्र तारीखवार नीट भरलेला. काम करणारी बाई आपलं काम करून राहिली होती, छत कोणीच मागितलं नव्हतं.

काय पाहायचं? पाणी येते का, लाईट गेली तर लसीच्या फ्रिजचं काय होते, रात्री बाळंतपणाला कोण असते. फवारणीचा हंगाम लागायच्या आधी म्हणजे जून-जुलैमध्येच प्राथमिक आरोग्य केंद्रात साप चावल्यावरची लस किती आहे अन् विषबाधेवरचं अॅट्रोपिन आहे का हे विचारा. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली, तेव्हापासून तरी हा प्रश्न दरवर्षी ग्रामसभेत लागला पाहिजे. सिकलसेलची, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी होते का तेही पाहा, आपल्या पट्ट्यात त्याची फार गरज आहे. अन् तालुक्याच्या-जिल्ह्याच्या दवाखान्याबद्दल एक प्रश्न कधीच सोडू नका, वायरिंगची अन् आगीची तपासणी कधी झाली. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात 9 जानेवारी 2021 च्या पहाटे नवजात बाळांच्या कक्षात आग लागून 10 बाळं गेली. तपासणीचा कागद मागणं हा आपला हक्क आहे.

ठराव कसा लिहायचा

सभेच्या आठ-दहा दिवस आधी ग्रामपंचायतीत अर्ज द्या की अमुक विषय पत्रिकेवर घ्यावा, नाहीतर "ऐनवेळचे विषय" मध्ये टाकून गुंडाळतात. सचिवाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, अर्जावर तेच नाव लिहा. ग्रामसभेच्या आधी महिला सभा होणं गरजेचं आहे, तिथं हा विषय आधी पास करून घ्या, बाया बोलल्या की दुसऱ्या दिवशी गडीमाणसं हात वर करतातच. कोरमला 15 टक्के मतदार किंवा 100, यातलं जे कमी असंल ते लागते, अन् घरकुलाच्या दिवशी ते भरलेलं असते. म्हणूनच सरपंचाला गोड बोलून दवाखान्याचा विषय घरकुलाच्या यादीच्या आधी घ्यायला लावा. जमलं तर सगळंच जमलं.

ठराव असा:

"मौजा अमुक येथील आयुष्मान आरोग्य मंदिराच्या प्रसूती कक्षाचे छत गळत असून पाण्याची टाकी नादुरुस्त आहे. जन आरोग्य समितीच्या अबंधित निधीतून छताची दुरुस्ती एक महिन्यात करावी. टाकी व शौचालयाचे काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात घ्यावे. इमारत दुरुस्तीपलीकडे असल्यास नवीन इमारतीचा प्रस्ताव तालुका आरोग्य अधिकारी यांचेमार्फत जिल्हा आरोग्य अधिकारी यांना पाठवावा. समितीचा मागील वर्षाचा जमाखर्च पुढील ग्रामसभेत वाचून दाखवावा. सूचक अमुक, अनुमोदक अमुक, सर्वानुमते मंजूर."

शेवटचं जमाखर्चाचं वाक्य लिहूनच घ्या. बऱ्याच ठिकाणी पैसा चोरीला जात नाही, तो खर्चच होत नाही, मार्चमध्ये परत जाते, कारण बैठकच झाली नाही अन् सही करायला कोणी भेटलं नाही. विकास आराखडा 2 ऑक्टोबरपासून पुढच्या दोन-तीन महिन्यांत बनते, त्यामुळं ऑक्टोबरची ग्रामसभा सगळ्यात कामाची. जानेवारीत मागितलं तर पुढच्या साली पाहू असं उत्तर येते.

पेशंटच्या खिशातून काय जाऊ नये

15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, उपचार मोफत आहे, चिठ्ठीचे पण पैसे नाहीत. मेडिकल कॉलेज त्यात येत नाही, तिथं फी लागते. बाळंतपणात जेवण, औषध, रक्त, घरी सोडायला गाडी हे सगळं मोफत, गाडीसाठी 102, तातडीचं असंल तर 108. मोठं ऑपरेशन असंल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखापर्यंत उपचार मिळते, पिवळं, केशरी, पांढरं, कोणतंही रेशनकार्ड चालते. नागपूरला पेशंट न्यायच्या आधी 155388 वर फोन करून तो दवाखाना योजनेत आहे का अन् तो आजार तिथं होते का हे विचारा, तिथं गेल्यावर डिपॉझिट भरून मग विचारू नका. रेशनकार्डावर पेशंटचं नाव अन् आधारवरचं नाव जुळते का हे आजच पाहून ठेवा, नवीन सूनबाईचं अन् लहान लेकराचं नाव हमखास कार्डावर नसते, अन् ते ऐन वेळी भारी पडते.

एवढं करूनही कागद हलला नाही तर

महिनाभर थांबा, मग माहितीचा अधिकार. साध्या कागदावर, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही लागत नाही. घरकुलासाठी पंचायत समितीच्या माहिती अधिकाऱ्याला, उपकेंद्रासाठी तालुका आरोग्य कार्यालयाला. "काऊन नाही केलं" असं विचारू नका, त्याला उत्तर देत नाहीत, कागद मागा: अमुक ठरावावर केलेल्या कार्यवाहीच्या पत्रांच्या प्रती, समितीच्या बैठकींचं इतिवृत्त, अबंधित निधीचं कॅशबुक, मार्चमध्ये परत गेलेली रक्कम. 30 दिवसांत आलं नाही तर त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडं 30 दिवसांच्या आत पहिलं अपील, अन् त्यानंतर 90 दिवसांच्या आत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडं. त्यासाठी मुंबईला जायची गरज नाही, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली अन् नागपूरवाल्यांचं खंडपीठ नागपूरला आहे, अन् अकोला, वाशिम, बुलडाणा, यवतमाळ अन् अमरावतीवाल्यांचं अमरावतीला. अर्ज एकाच्या नावानं देऊ नका, घरकुलवाला एकानं द्यावा अन् दवाखान्याचा दुसऱ्यानं, म्हणजे दबाव एकाच घरावर येत नाही.